बिनसीटची गाडी

नदी कोरडी पडली की मला हल्ली बरं वाटतं. हे कुणापुढे बोलायची सोय नाही. आमच्या तंजावूरकडे चहाच्या दुकानातसुद्धा माणसं आधी धरणात पाणी किती ते विचारतात आणि मग तब्येत कशी आहे ते. अशा ठिकाणी नदी कोरडीच असावी असं म्हणणारा माणूस एक तर वेडा, नाही तर वाळू चोरणारा. मी दोन्ही नाही. मी शाळेत गणित शिकवतो, वय चोपन्न, आणि आज सकाळी पेपरात मेट्टूर धरणाची दारं उघडणार अशी बातमी वाचून मी पेपर पालथा घालून ठेवला.

शेजारच्या घरात लगेच नांगरणीचं बोलणं सुरू झालं. सुगुणा, माझी बायको, कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाली, "चार-पाच दिवस उरले म्हणजे." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग जायाचं ना आज?" मी उठलोच.

वैकासी महिना संपता संपता आणि आनी लागता लागता, म्हणजे जूनच्या मध्याला, जे दिवस येतात, त्यांना काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. उन्हाळा म्हणावा तर झाडांना पालवी असते, पावसाळा म्हणावा तर आमच्याकडे पाऊस यायला ऐप्पसी, म्हणजे ऑक्टोबर, उजाडते. शाळा उघडायची असते, पण उघडलेली नसते. कावेरीत पाणी यायचं असतं, पण आलेलं नसतं. तापलेल्या वाळूचा एक वास येतो, भाजणीसारखा. तो वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवतात. त्या दिवसांत मी जितका गोंधळलेला होतो, तितका मी पहिलीत बेरीज शिकतानासुद्धा नव्हतो.

सुरुवात पडण्यापासून करावी लागेल, इलाज नाही. त्याच्या आधीच्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, आम्ही दोघं स्कूटरवरून तिरुवैयारूहून घरी येत होतो. सुगुणा तिरुवैयारूला वीणा शिकवते. लग्नाआधी ती स्वतःची मोपेड घेऊन अख्खं तंजावूर फिरायची, मागे वीणेची पेटी बांधून. लग्न झालं आणि ती मागे बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांच्याच बायका मागे बसत. तर कुडमुरुट्टी नदीच्या पुलाअलीकडे एक गतिरोधक आहे. तिथे मी वेग कमी केला. समोर बकरी नव्हती, बस नव्हती, खड्डा नव्हता. वेग इतका कमी होता की बाजूने गवताचा भारा घेऊन चाललेली आजी आम्हाला मागे टाकून गेली. आता पाय टेकायचा, एवढंच काम होतं. पण उजवा टेकावा की डावा, हे ठरवता ठरवता स्कूटर डावीकडे कलली आणि सुगुणा डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

वीणेत डाव्या हाताला तार नुसती दाबायची नसते, बाजूला ओढायची असते. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण तार ओढताना कळ राहिली. दहा मिनिटं वाजवलं की ती हात मांडीवर ठेवून गाऊन शिकवायची. घरी मनगटाला पट्टी बांधून असायची.

ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर किती बरं झालं असतं! आमच्या आईने बाबांना असल्या गोष्टीवरून आठ दिवस धारेवर धरलं असतं आणि नवव्या दिवशी सगळं मिटलं असतं. सुगुणा फक्त म्हणाली, "मी आतां बसनेच जाते. बसायाला जागा मिळते." आणि रोज बसने जाऊ लागली. मला रविवारी तिकडे काही काम असलं तर मी स्कूटरने जायचो. म्हणजे बसच्या मागोमाग मी. खिडकीतली तिची वेणी मला दिसायची. तेच नवरा-बायको, तोच रस्ता, तीच वेळ, आणि मध्ये एक सरकारी बस. लोकांनी काय समजावं?

मी पुष्कळ विचार केला आणि मला एक गोष्ट समजली. वेगात मी कधी पडलेलो नाही. मी पडतो ते थांबताना. लहानपणी सायकलवरूनही तसाच पडायचो, घराच्या दारात येऊन.

त्या उन्हाळ्यात पेपर तपासून डोळे चुरचुरायला लागले म्हणून फोन हातात घेतला, आणि त्यात ट्रायल्स नावाचा खेळ दिसला. मोटारसायकलचाच, पण शर्यत नाही. दगड, ओंडके, पायऱ्या यांवरून मुंगीच्या चालीने गाडी न्यायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण दंडाचा. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो पहिला. शून्य मिळवणारा सर्वोत्तम! आयुष्यभर मुलांना शून्य देत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की अशी एक गाडी घ्यायची, हळू चालायला शिकायचं, आणि सुगुणाला पुन्हा स्कूटरवर मागे बसवायचं. इतकं सरळ गणित होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, कनिमोळी, होसूरला कारखान्यात इंजिनियर आहे आणि हा खेळ खेळते. तिला फोन केला. ती आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "सार, नवी परवडणार नाही, वापरलेलीच बघा. पण लहान इंजिनाची घ्या, मोठं इंजिन तुम्हाला फेकून देईल. रंगाला भुलू नका. खालचा पत्रा ठेचलेला असला तर चालेल, सांगाडा तडकलेला चालणार नाही. आणि बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्याबरोबर इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर समजायचं, काही तरी लपवलंय."

मी तक्ता केला. इंजिन वीस गुण, क्लच पंधरा, चाकांचे बेअरिंग दहा, स्पोक दहा, सांगाडा वीस, असे एकूण शंभर. सुगुणाने डोकावून पाहिलं. "अहो, गाडी घेताय की दहावीचा निकाल लावताय?" पुष्कळ दिवसांनी तिने माझी थट्टा केली होती. मी तक्त्यात आणखी दोन रकाने वाढवले.

पहिली गाडी तिरुचीत होती. लालभडक, चकचकीत, टायर टणक. मी पोचल्याबरोबर इंजिनवर हात ठेवला आणि चटका बसून ओढून घेतला. सापडला चोर! पण मग माझं मलाच वाटलं, थांब जरा. कत्तिरी वेयिल, मे महिन्याचं ऐन ऊन, चाललंय, दुपारचे बारा वाजलेत, इथे गार काय असणार? मी फाटकाला हात लावला. फाटक इंजिनपेक्षा गरम. भिंतीला लावला. भिंतही गरम. विकणारा माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या अंगणातल्या एकेका वस्तूला हात लावत फिरत होतो आणि शेवटी तुळशीच्या कुंडीपाशी येऊन थांबलो. गाडी चालवून ठेवली होती की उन्हात ठेवली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"सार, हे बघा," तो म्हणाला, "मुद्दाम सीट बसवून घेतलीये. लांबलचक. मॅडमना मागे घेऊन जाता येईल." मला पंधरा दिवसांचं ताजं ज्ञान होतं. मी चष्मा सारखा करून म्हणालो, "ट्रायल्सच्या गाडीला सीट नसते हो. उभं राहून चालवायची असते." आणि तक्त्यात सीटचे दहा गुण कापले. किती ऐट होती मला त्या वेळी! आठवलं की अजून कान तापतात.

दुसरी गाडी वत्तलकुंडूला, डोंगराच्या पायथ्याशी. मालक कॉफीच्या मळ्यावरून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ, गुडघे गेलेले. गाडी आंब्याच्या झाडाखाली गोणपाट टाकून ठेवलेली. गोणपाट काढलं तर जागोजागी ओरखडे, खालचा पत्रा जुन्या परातीसारखा ठेचलेला, आणि पुढचं टायर बसलेलं. मी मनात म्हटलं, ज्याने साधी हवा भरली नाही त्याने इंजिन काय सांभाळलं असेल. तक्ता मिटणार होतो. म्हातारे हसले. "हवा गेली नाही सर, कमी ठेवलीय. टायर मऊ असलं तर दगडाला धरतं. टणक असलं तर उडी मारतं." मी खाली वाकून अंगठ्याने टायर दाबलं. दाबलं गेलं. म्हणजे ज्याला मी दोष समजत होतो तो गुण होता. मग तिरुचीचे टणक टायर? मी तिथे त्यांना पैकीच्या पैकी दिले होते. माझ्या तक्त्याचा माझ्यावरच विश्वास उरला नाही.

इंजिन सावलीत होतं, गार लागलं. दुसऱ्या लाथेला सुरू झालं. क्लच एका बोटाने दबला. राहिल्या स्पोकच्या तारा. कनिमोळीने सांगितलं होतं, एकेकीवर पेन्सिल वाजवा, ढिली असेल ती वेगळी वाजेल. मी वाजवल्या. मला सगळ्या सारख्याच. अठ्ठावीस वर्षं वीणेच्या घरात राहूनही माझा कान तसाच. शेवटी मी सुगुणाला फोन लावला आणि फोन चाकापाशी धरला.

"हे काय वाजवताय?" ती म्हणाली.

"चाक. ऐक फक्त. कोणती उतरलीये ते सांग."

मी एकेक वाजवत गेलो. मग पलीकडून, "थांबा. ती मागची परत वाजवा... ती नव्हे, तिच्या आधीची. हां, ही उतरलीये. पुढे चला." तिने मागच्या चाकातल्या दोन पकडल्या. म्हातारे पाना घेऊन आले, त्या दोन्ही पिळल्या, मी पुन्हा वाजवल्या, आणि तिकडून उत्तर आलं, "आतां बरोबर." मी वाजवायचा थांबलो म्हणून, नाही तर ती तासभर ऐकत बसली असती असं मला वाटलं. तिच्या आवाजात काही तरी हललं होतं.

म्हाताऱ्यांनी व्यवहार ठरल्यावर विचारलं, "कधी पडलायत का?"

"पडलोय."

"मागे कोण होतं?"

मी तक्ता घडी करून खिशात घातला. ते म्हणाले, "हिच्यावर मागे कुणी नसतं. पडलं तरी आपले आपण." ते ऐकून मला हायसं वाटलं. आणि परतीच्या बसमध्ये, दिंडुक्कलपर्यंत, त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटत राहिली. मी ही गाडी सुगुणाला पुन्हा मागे बसवता यावं म्हणून घेत होतो, की आपल्या मागे कुणीच नसावं म्हणून? गणितात एका उदाहरणाची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात, असं मी मुलांना शिकवतो. ते शिकवताना मला कधी भीती वाटली नव्हती.

आता आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. घरात कोणतीही गाडी आली, नवी असो की जुनी, तरी तिची पूजा करायची, चाकाखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा. आणि पहिली फेरी नवरा-बायकोने मिळून काढायची. नवरा पुढे, बायको मागे, गल्लीच्या टोकाला पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत. माझ्या आजोबांच्या सायकलपासून हे चालत आलंय. ही रीत मला पाठ होती. कापूर मी आणला, लिंबं मी आणली, कोहळाही मीच. कसं म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही, देव जाणे.

शुक्रवारी सकाळी छोट्या टेम्पोतून गाडी उतरली. तिला नंबर नाही, दिवा नाही, रस्त्यावर चालवायची परवानगीच नाही. गल्लीत माणसं जमली. कोपऱ्यावर दुचाक्या दुरुस्त करणारा मुरुगेसन पंप घेऊन धावत आला. "अय्यो सार, देवाच्या कार्याला बसलेलं टायर!" मी आत सोवळं नेसत होतो तेवढ्यात त्याने प्रेमाने दोन्ही टायर दगड करून टाकले.

मग सुगुणा बाहेर आली. मोहरीच्या रंगाचं पट्टूचं रेशमी पातळ, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात तबक. डाव्या मनगटाची पट्टी काढलेली होती. तिने गाडीला गंध लावलं, आणि कुंकू लावायला दिवा शोधला. दिवा नव्हताच, तेव्हा हँडलच्या मधोमध बोट टेकलं. एक प्रदक्षिणा घातली. अर्धी आणखी घातली. मग थांबून माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने विचारलं,

"मी कोठे बसायाचं?"

गल्ली हसली. मुरुगेसन तर टाळी देऊन हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. म्हटलं, "हिच्यावर दोघांना बसता येत नाही गं. एकालाही येत नाही खरं तर." ती म्हणाली, "बरं." कोहळा फुटला. मी एकटाच गाडीवर उभा राहिलो, क्लच सोडला, टणक टायर लिंबावर चढलं आणि टुणकन उडालं. लिंबू न फुटता गटारात गेलं, मी जास्वंदीच्या कुंपणात. कुणी तरी म्हणालं, लिंबू फुटलं नाही म्हणजे शकुन बरा नाही. सुगुणा तबक घेऊन आत गेली होती.

दुपारी डांगर पचडी वाढताना ती पुढे वाकली तेव्हा मला तिच्या खांद्यावरची पिन दिसली. सेफ्टी पिनने पदर घट्ट अडकवलेला. ती घरात, देवळात, लग्नाकार्यात कुठेच पदराला तशी पिन लावत नाही. फक्त स्कूटरवर बसताना लावायची, वाऱ्याने उडू नये म्हणून. पाच महिन्यांत मी ती पिन पाहिली नव्हती. म्हणजे ती ठरवून आली होती. पट्टी काढून, पिन लावून, माझ्या मागे बसायचं ठरवून ती बाहेर आली होती. आणि सीटचे दहा गुण मी स्वतःच्या हाताने कापले होते. मी भात नुसताच कालवत राहिलो.

"जास्त तिखट झालंय का?" तिने विचारलं. मी मान डोलावली.

तिला सांगावं असं फार वाटलं. पण काय सांगणार? माफ कर म्हणू तर कशाबद्दल, पाडल्याबद्दल की गाडीबद्दल? दोन दिवस गाडी पडवीत उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, "सार, सीट कधी येणार?" तिसऱ्या दिवशी सुगुणाच म्हणाली, "तिला तिरुवैयारूला न्या. नदी कोरडी पडलीये. माझ्या एका शिष्येच्या घरी काठावर गोठा आहे, तिथे ठेवतील." मी टायरमधली हवा सोडली. सुस्कारा टाकावा तसा आवाज आला, आणि तो माझ्याही छातीतून आला असावा.

मग सुरू झाले ते दिवस. सकाळी तिचे वर्ग संपायचे आणि ती घाटाच्या पायरीवर, वडाच्या सावलीत येऊन बसायची. मी खाली वाळूत. एक पडलेलं नारळाचं खोड, चार दगड, घाटाच्या शेवटच्या तीन पायऱ्या, एवढंच माझं मैदान. वाळूत खड्डे करून पाणी भरणाऱ्या बायका हंडे बाजूला ठेवून बघत. पहिल्या दिवशी मी दर वितीला पाय टेकला. सुगुणा वरून मोजत होती, तिच्या शिकवायच्या आवाजात, आणि आकडे साठाच्या पुढे गेले तेव्हा तिने मोजणं सोडलं. नुसतं ओरडायला लागली, "पाय वर! अहो, पाय वर!"

लहान मुलींना शिकवताना ती कधी आवाज चढवत नाही. माझ्यावर चढवायची. पाच महिन्यांचं सगळं त्या दोन शब्दांत निघत असावं. मला ते ओरडणं आवडायला लागलं. मी कधी कधी मुद्दाम टेकवायचो की काय, अशी शंका मला आता येते.

कनिमोळीने सांगितलं होतं की खाली बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं. पण माझी नजर पायाशीच. सुगुणा म्हणाली, "तुम्ही पडायची जागा आधी शोधून ठेवता. मग तेथेच पडता." तिला मोटारसायकलमधलं काही कळत नव्हतं, आणि हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. तिचं उजवं बोट मांडीवर ताल धरून असायचं. कधी डावा हातही त्याला जाऊन मिळायचा. मग मनगट थोडं कुरकुरलं की ती हात हलकेच फिरवायची, आणि माझा तोल त्या क्षणी हमखास जायचा.

पण रोज घरी जाताना मात्र तेच. ती बसने, मी स्कूटरने बसच्या मागे. वेण्णारच्या पुलावर बस थांबली की मी पण मागे थांबायचो, आणि दोन्ही पाय टेकायचो.

त्या वर्षीही असंच पेपरात आलं. दारं उघडली. कल्लणैच्या बंधाऱ्याला पाणी पोचलं. आज येणार, उद्या येणार, असं काठावरची माणसं सांगत होती. शेवटच्या दिवशी मी खोडाशी गाडी आणली, पुढचं चाक खोडाला टेकवलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. दोन्ही पाय वर. हेच मला येत नव्हतं, हेच मला यायला हवं होतं. नुसतं थांबणं. सुगुणाने पायरीवरून आठ मात्रांचा आदिताल धरला. एक, दोन, तीन, चार. गाडी उजवीकडे झुकली, मी गुडघ्याने सावरली. पाच, सहा. घाम डोळ्यांत उतरला. सात. आणि आठव्याला पाय टेकला.

"सातपर्यंत राहिलात," ती म्हणाली. ओरडली नाही.

तेवढ्यात वरच्या अंगाने पोरं-बायका ओरडत आल्या. पाहिलं तर वाळूतून एक तपकिरी जीभ सरपटत येत होती. पुढे फेस, पालापाचोळा, कुणाची तरी रबरी चप्पल. बायकांनी वाकून पाण्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. सुगुणानेही लावला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी गाडी ओढत काठावर आणली, गोठ्यात लावली, गोणपाट घातलं. माझं मैदान बघता बघता बुडालं, आणि मला आठापर्यंत जमलेलं नव्हतं. आता पुढल्या वर्षीपर्यंत काय? मला रडू येईल असं वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला, इतकी माणसं पाण्याला नमस्कार करत असताना.

बसथांब्यावर बस उभीच होती. तंजावूरची, अर्धी रिकामी. मी नेहमीप्रमाणे स्कूटरकडे वळलो. सुगुणा बसकडे गेली नाही. बस गेली.

मी म्हटलं, "सुगुणा, अजून नको. मला सातच जमतात."

ती हसली. "अहो, मला पडायाचं भय कधी नव्हतं. मोपेडवरून किती वेळा पडले असेन मी. पण मागे बसलं की रस्ता दिसत नाही. नुसती तुमची पाठ दिसते. कधी पडणार ते सुद्धा कळत नाही." मग पिशवीतून सेफ्टी पिन काढून तिने पदराला लावली आणि माझ्यापुढे हात धरला. डावा. "चावी द्या."

मी खिसे चाचपले. मग चावी दिली. थांब्यावरची माणसं आमच्याकडे बघू लागली, एकाने तर घसा खाकरला. मी मागे बसलो. हात कुठे ठेवायचे ते मला माहीत नव्हतं, अठ्ठावीस वर्षांत कधी प्रश्नच आला नव्हता.

आणि खरंच, रस्ता दिसत नाही. मोगऱ्याच्या सुकलेल्या दोन कळ्या दिसतात, पिन दिसते, ब्लाउजची शिवण दिसते. कावेरीचा पूल गेला तो आवाजावरून कळला. पुढे कधी वळण येणार, कधी कुत्रं आडवं येणार, काही कळत नव्हतं. ही बाई इतकी वर्षं अशी बसून येत होती, वीणा मांडीवर घेऊन, आणि मी पुढून तिला म्हणायचो, घाबरतेस काय! वेग कमी झाला. कुडमुरुट्टीचा पूल येत होता, म्हणजे तो गतिरोधकही. मी सीटची कड घट्ट धरली. स्कूटर मुंगीच्या चालीवर आली, पार थांबल्यासारखी झाली, आणि माझे दोन्ही पाय आपोआप जमिनीकडे सुटले.

"पाय वर!" सुगुणा पुढून ओरडली.

मी पाय वर घेतले.